संयुक्त खातं

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आयुष्यात फारसे प्रश्न पडायचे नसतात. जमा कुठं, नावे कुठं आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळली का, एवढं समजलं की बी.कॉम. झालेला माणूस सुखानं झोपतो. 'मी कोण?' हा प्रश्न तत्त्वज्ञानवाल्यांचा, 'मी कशाचा बनलो?' हा विज्ञानवाल्यांचा. आमचा प्रश्न 'खात्यावर शिल्लक किती?' एवढाच. आणि महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर तोही आम्ही विचारत नाही.

असं सगळं नीट चाललेलं असताना आमची कन्या आठवीत गेली आणि विज्ञानाच्या पुस्तकातून पेशी आमच्या घरात शिरली. शाळेतल्या बाईंनी प्रकल्प दिला होता : पेशीची रचना रोजच्या पाहण्यातल्या एखाद्या संस्थेशी तुलना करून समजावून सांगा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी कारखाना घेतला, उरलेल्यांनी शहर. आमच्या सौभाग्यवतींनी आपलं माहेर सुचवलं. तिकडे एकत्र कुटुंब आहे आणि मधोमध बसून सूत्रं हलवणारी आजीही आहे. मी अर्थातच बँक म्हटलं. घरात मत मांडलं की ते फेटाळलं जातं हा माझा अनुभव. पण माहेर काढल्याबरोबर कन्येनं घाईघाईनं बँक पत्करली.

प्रथम त्या नावांनीच मला घेरलं. तंतुकणिका, लयकारिका, रिक्तिका! एखाद्या नृत्यशाळेचा हजेरीपट वाचतोय असं वाटावं. लयकारिका ही कुणा नामवंत गायिकेची पट्टशिष्याच असणार. रिक्तिका तर आजकालच्या बारशात सहज खपेल. अर्थ कोण बघतो? आणि आंतर्द्रव्यजालिका हा शब्द कन्या इतक्या मोठ्यानं घोकत होती की समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंना तो पाठ झाला, हिला नाही.

पण पुस्तक वाचायला घेतलं आणि सांगतो, रात्रीचे साडेअकरा कधी वाजले कळलं नाही. ही पेशी म्हणजे हुबेहूब आमची शाखा! बाहेरचं पेशीपटल म्हणजे दारावरचा वॉचमन. चरबीचा दुपदरी पडदा, पण काय त्याची हुशारी! ऑक्सिजन आला की 'या साहेब', न विचारता आत. कार्बन डायॉक्साइडही तसाच बिनबोभाट बाहेर. साखरेला मात्र ठरलेल्या खिडकीतूनच यावं लागतं, आणि स्नायूंच्या पेशींत तर इन्शुलिनची चिठ्ठी आल्याशिवाय पुरेशा खिडक्या उघडतच नाहीत. मधुमेह म्हणजे काय हे मला डॉक्टरांनी तीनदा सांगून कळलं नव्हतं, ते इथं एका फटक्यात कळलं. बाहेर साखरेची रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आत काउंटर मोकळे, आणि खिडकी कुणी उघडत नाही. हे दृश्य मी एक तारखेला पेन्शनच्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

मग केंद्रक. कन्येनं तिथं लगेच 'मॅनेजर' लिहिलं. सगळी मुलं तसंच लिहितात, गाइडातही तसंच असतं. माझा त्याला सक्त विरोध होता. केंद्रक म्हणजे मॅनेजर नव्हे, रेकॉर्ड रूम! तिथं डीएनएचा मूळ ग्रंथ कुलपात असतो. उलगडून ताणला तर सुमारे दोन मीटर लांब, आणि ठेवलाय कशात, तर डोळ्यांना दिसतही नाही अशा डबीत. मूळ प्रत कधी बाहेर येत नाही. लागेल त्या पानाची नक्कल काढायची, ती रायबोझोम नावाच्या कारकुनांकडे पाठवायची, त्यांनी तीवर बोट ठेवून अक्षरशः मुकाट्यानं प्रथिनं बनवायची, आणि काम संपलं की नक्कल फाडून टाकायची. यात मॅनेजर कुठं आला? उलट रक्तातली तांबडी पेशी तर कामावर रुजू व्हायच्या आधीच केंद्रक बाहेर फेकून देते आणि पुढं जवळजवळ १२० दिवस विनातक्रार ऑक्सिजन वाहते. आमची शाखा एकदा आठ महिने मॅनेजरविना चालली होती. त्या काळातल्या कामाबद्दल ग्राहक अजून आठवणी काढतात.

गॉल्जी पिंड म्हणजे आवक-जावक विभाग, याबद्दल मात्र घरात एकमत झालं. तयार मालावर पत्ता घालून तो योग्य ठिकाणी रवाना करायचा हे त्याचं काम. कॅमिलो गॉल्जी या इटालियन डॉक्टरांना तो १८९८ साली दिसला, आणि पुढं कित्येक वर्षं मोठमोठे विद्वान म्हणत राहिले की असा काही विभाग अस्तित्वातच नाही, तो रंगाचा डाग आहे. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तो स्पष्ट दिसला तेव्हा वाद मिटला. आमच्या आवक-जावक विभागाबद्दल तोच संशय अजून आहे. पण विनोद बाजूला ठेवला तर हा विभाग काय चीज आहे पाहा. एक विशिष्ट पत्ता घालायचं तेवढं जमत नाही असा एक जन्मजात आजार आहे. माल तयार होतो, पण लयकारिकेत पोचायच्या ऐवजी पेशीबाहेर जातो. एवढीशी चूक, पण असं मूल फार वर्षं जगत नाही. हे वाचल्यापासून मी पाकिटावर पिनकोड दोनदा तपासतो.

लयकारिकेला पुस्तकात 'आत्मघाती पिशवी' असं भीषण नाव दिलेलं आहे. बेल्जियमच्या क्रिस्तियां द द्यूव्ह यांनी ती १९५५ साली शोधली. मला विचाराल तर ती बोहारीण आहे. जुनं, फाटकं, निरुपयोगी सगळं गोळा करते, पण फुकट नेत नाही; त्याचे सुटे भाग करून पुन्हा घरात परत देते. आमच्याकडे येणारी बोहारीण माझा लग्नातला सूट घेऊन एक स्टीलचं पातेलं देऊन गेली. पेशीतला दर यापेक्षा बरा असतो.

आणि तंतुकणिका! ही मूळची घरातली नव्हेच. दीड-दोनशे कोटी वर्षांपूर्वी कधीतरी एक जंतू दुसऱ्या पेशीत पोटभाडेकरू म्हणून शिरला आणि राहिला तो राहिलाच. अजूनही त्याचं रेशनकार्ड वेगळं आहे, म्हणजे स्वतःचा छोटासा डीएनए आहे. भाडं मात्र इमानानं देतो. घरातली जवळजवळ सगळी वीज तोच तयार करतो. आणि हा भाडेकरू मिळतो तो फक्त आईकडून. (सौभाग्यवतींनी हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.) अमेरिकेतल्या लिन मार्ग्युलिस बाईंनी ही कल्पना लेखात मांडली तेव्हा पंधराएक नियतकालिकांनी लेख साभार परत केला. १९६७ साली तो एकदाचा छापून आला. साभार परतीचा ज्याला अनुभव आहे त्याला या बाईंबद्दल आदर वाटल्याखेरीज राहणार नाही. तंतुकणिका जी वीज तयार करते तिचं चलन म्हणजे एटीपी. हातातली शिल्लक अगदी थोडी, पण दिवसभरातली उलाढाल आपल्या वजनाइतकी! इतकं धावतं करंट खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही.

एकूण तक्ता झकास झाला. फक्त शेवटी कन्येनं विचारलं, "बाबा, यात मामा कुठं आहेत?"

मामा म्हणजे आमचे बदली शिपाई. चौदा वर्षं रोजंदारीवर. कायम झालं असं कुणी म्हणू नये म्हणून मधूनमधून सेवेत एखाद्या दिवसाचा खंड, बाकी रोज साडेनऊला हजर. व्हाउचरांचे गठ्ठे बांधणं, पाणी, चहा, म्हाताऱ्या पेन्शनर बायकांच्या स्लिपा भरून देणं ही सगळी कामं मामांची. कुठला पेन्शनर वारला हे काँप्युटरच्या आधी मामांना कळायचं. थोडा विचार करून आम्ही पेशीतल्या रिकाम्या जागेकडे बाण काढून 'पेशीद्रव्य : मामा' असं लिहिलं. सगळे ज्याच्यात तरंगतात आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते.

आता इथं थांबून एक सांगायला हवं. पेशीत आपापली संस्था शोधण्याचा नाद फक्त आम्हालाच आहे असं नाही. १६६५ साली लंडनच्या रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्याला खोल्या खोल्या दिसल्या, म्हणून त्यानं 'सेल' हे नाव दिलं. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरला १८५८ साली त्याच पेशींत नागरिक दिसले. शरीर म्हणजे पेशींचं गणराज्य, असं त्याचं म्हणणं. हा गृहस्थ राजकारणातही होता. १८४८ साली सरकारनं त्याला सायलीशियात टायफसच्या साथीची पाहणी करायला धाडलं, तर यानं औषधयोजना काय लिहून दिली? लोकशाही आणि शिक्षण! तेव्हा ज्याच्या डोक्यात जे, ते त्याला सूक्ष्मदर्शकात दिसतं. तोवर काही बिघडत नाही. बिघडतं ते उपमा उलटी फिरवल्यावर. म्हणजे 'पेशी आपल्या बँकेसारखी असते' इथपर्यंत गंमत. 'तुम्ही पेशीसारखं वागा' म्हटलं की खिसा सांभाळावा.

१ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, हे तुम्हाला आठवत असेल. त्या लाटेत आमचीही नौका होती. विलीन झालेल्या बँकेची शाखा आमच्या शाखेच्या बरोबर समोर, मध्ये फक्त एक रस्ता आणि एक उसाचं गुऱ्हाळ. दोन वर्षं कागद फिरले आणि २०२२ साली आमची शाखा बंद करायचं ठरलं. आम्हा कायम मंडळींना रस्ता ओलांडायचा होता. मामांना ओलांडायचा नव्हता.

हे सांगायला वरच्या कचेरीतून एक साहेब आले. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. पहिलंच चित्र पेशीचं! मी खुर्चीत सावरून बसलो. म्हटलं, आज आपला अभ्यास झालाय. साहेब म्हणाले, "मित्रहो, संस्था म्हणजे एक शरीर. आपण सगळे तिच्या पेशी. निरोगी शरीरात रोज हजारो कोटी पेशी शरीरासाठी हसत हसत मरण पत्करतात. याला म्हणतात ॲपॉप्टोसिस. जी पेशी मरायला नकार देते, तिला म्हणतात कॅन्सर."

आमच्या कॅशियरची बायको तेव्हा केमोथेरपी घेत होती. तो उठून पाणी प्यायला गेला. पाणी मामांनीच दिलं.

साहेबांची माहिती मात्र खोटी नव्हती. ॲपॉप्टोसिस हा शब्द १९७२ साली तिघा शास्त्रज्ञांनी रूढ केला. मूळ ग्रीक अर्थ पानगळ. आईच्या पोटात आपला पंजा आधी वल्ह्यासारखा एकसंध असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. मी ज्या बोटांनी नोटा मोजतो ती बोटं अशी कुणीतरी जागा रिकामी केल्यामुळं मिळालेली आहेत. हे वाचल्यावर दोन दिवस मी नोटा जरा हळुवारपणे मोजत होतो. 'हसत हसत' हा तपशील तेवढा कुठल्या सूक्ष्मदर्शकात दिसला ते कळलं नाही.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी हात वर केला. म्हटलं, "साहेब, त्या मरणाऱ्या पेशीचं खातं कुणाच्या नावावर असतं?"

साहेब म्हणाले, "गुड क्वेश्चन. चहानंतर घेऊ." चहानंतर त्यांची गाडी आली.

तेव्हा तो प्रश्न इथंच घेतो. अलीकडच्या मोजदादीप्रमाणं माणसाच्या अंगात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. पण या सगळ्या एकाच पेशीपासून झालेल्या. डीएनएच्या ग्रंथाची तीच ती संपूर्ण प्रत टाचेच्या कातड्यात आहे आणि जिभेच्या टोकावरही आहे. फरक एवढाच की टाच एक पानं उघडते आणि जीभ दुसरी. कातडीच्या पेशीला स्वतःचा वारस नसतो. पुढच्या पिढीत जायचं ते बीजपेशींनी, पण नेतात त्या याच ग्रंथातली पानं. आता हे बँकेच्या भाषेत काय झालं? संयुक्त खातं! 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. एक खातेदार गेला तरी रक्कम घरातच. डाव्या खिशातली नोट उजव्या खिशात ठेवली तर तिला कुणी दान म्हणत नाही. मग पेशीच्या मरणाला त्याग कसं म्हणायचं? आणि कर्करोगाच्या पेशीला दगलबाज तरी कसं म्हणायचं? तिच्या प्रतीत चुका साचत गेल्या आणि ती आपलं वेगळं खातं चालवू लागली. तिच्या मनात काही नसतं, कारण मनच नसतं.

मामांचं खातं मात्र वेगळं आहे. चौदा वर्षांत त्यांच्या पासबुकात आणि साहेबांच्या पासबुकात एक रुपयाचाही संयुक्त व्यवहार झालेला मला आढळला नाही. मामा गेल्यानं बँकेचा जो फायदा झाला असेल तो मामांच्या धाकट्या मुलीच्या फीमध्ये जमा होत नाही. पेशीला मुलगी नसते, घरभाडं नसतं, आणि आपल्याला पेशी म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. मामांना आलं. ते दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

ही उपमा तशी जुनीच. रोमची गरीब प्रजा शहर सोडून निघून गेली तेव्हा, सांगतात की, मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या सरदारानं त्यांना गोष्ट सांगितली : हातापायांनी पोटावर संप केला आणि शेवटी सगळेच रोडावले. गोष्ट ऐकून लोक परतले. पण बँकवाल्यांनी पुढचंही वाचावं. परतताना त्यांनी आपले प्रतिनिधी नेमण्याचा हक्क पदरात पाडून घेतला. जगातला पहिला द्विपक्षीय करार हाच असावा. आपल्याकडे तर विराट पुरुषाचं मुख कोण, बाहू कोण आणि पाय कोण याची वाटणी फार पूर्वीच झाली, आणि पाय ठरलेल्यांना पिढ्यान् पिढ्या ती पाठ करावी लागली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त त्या कथेला असे साधे, घरगुती प्रश्न विचारले आहेत की हसू येतं आणि लगेच थांबतं. त्या काळी पेशींच्या पोटातलं आजच्यासारखं कुणाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. टाचेतही तोच संपूर्ण ग्रंथ आहे. शरीराचीच उपमा द्यायची असेल तर एवढा तपशील गाळू नये.

आणि द्यायचीच असेल तर शेवटपर्यंत द्यावी. मरणारी पेशी कशी जाते तेही साहेबांनी सांगायला हवं होतं. ती आपलं सामान लहान लहान पुड्यांत बांधते, शेजारपाजारच्या पेशी त्या पुड्या उचलतात, आतला कण न् कण कामी लावतात. काही सांडत नाही, कुठं सूज येत नाही. अंतिम हिशेब जागच्या जागी. मामांचा हिशेब असा : आम्ही वर्गणी काढून दिलेलं शाल-श्रीफळ, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि युनियनमार्फत केलेला अर्ज. त्यावर तारखा पडतात. मधूनमधून मामा मला तारीख सांगतात, मी डायरीत लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात एक तारखेला मामा नव्या शाखेत आले. स्वतःच्या खात्याचं काही काम होतं. त्यांनी मशीनमधून टोकन काढलं आणि ग्राहकांच्या बाकावर, अगदी कडेला, बसले. टोकन एकशे सत्तावीस. मी तेव्हा चौऱ्याण्णववर होतो. इतक्यात आमच्या जुन्या शाखेतल्या एक पेन्शनर आजी काठी टेकत आत आल्या. चारी बाजूंना पाहिलं. काउंटरवर माझ्यासकट सहा कायम कर्मचारी होते. आजी सरळ बाकापाशी गेल्या, पिशवीतून पासबुक आणि कोरी स्लिप काढली आणि मामांच्या हातात दिली. म्हणाल्या, "बरं झालं बाबा भेटलास. नेहमीचेच काढायचेत."

मामांनी टोकन खिशात टाकलं, माझ्याकडे बघून पेन मागितलं आणि स्लिप भरायला घेतली.